दौलत मिस्त्रीचे कान

शहाडच्या पुलाखालून उल्हास नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कर्णिकांच्या यात्रागाड्यांचं गॅरेज आहे. पत्र्याचं कुंपण, एक उंच शेड, आणि जमिनीत इतकं काळं ऑइल मुरलेलं की तिथे गवतसुद्धा उगवायला धजत नाही. गुरुदत्त कर्णिक स्वतः ठाण्याचे, टेंभी नाक्याला त्यांचं ऑफिस. चारधाम, अष्टविनायक, गाणगापूर अशा यात्रा ते वडिलांच्या काळापासून नेतात. गॅरेजात मात्र ते सठीसहामासी येतात, कारण गॅरेज दौलत गुंजाळ बघतो, आणि दौलतच्या कानांवर त्यांचा देवाइतका विश्वास. कदाचित थोडा जास्तच, कारण देवाने त्यांना कधी गाडीचा बिघाड सांगितला नव्हता.

दौलत मूळचा ओतूरचा. मिसरूड फुटायच्या आधी कल्याणला आला आणि ट्रकच्या इंजिनाखाली शिरला, तो अजून पुरता बाहेर आलेला नाही. त्याची ख्याती कानांची. लाकडी मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने सांगायचं, "बेअरिंग. पुढचं." उघडून बघावं तर बेअरिंग, आणि पुढचंच. एकदा माजिवड्याला एका लग्नाच्या वरातीत बँड जोरात चाललेला असताना बाजूने एक बस गेली आणि हा नाचता नाचता म्हणाला, याचा तीन नंबरचा इंजेक्टर गेला. ही गोष्ट सखाराम सगळ्यांना सांगतो. इंजेक्टरचा नंबर तो दर वेळी बदलतो, पण गोष्ट खरी आहे.

सखाराम शिगवण म्हणजे कर्णिकांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. दापोलीकडचा. दौलत त्याला सख्या म्हणतो, तो दौलतला दौल्या. दोघं एकाच सुमाराला कामाला लागले, एकमेकांच्या लग्नात एकमेकांपेक्षा जास्त नाचले, आणि गाडीच्या बाबतीत सखारामने दौलतखेरीज कुणाचं कधी ऐकलं नाही. दौल्याने गाडी बघितलीय म्हटलं की तो बोनटकडे मान वळवूनही पाहत नसे. चावी फिरवायची, अगरबत्ती लावायची आणि निघायचं.

तर असे हे कान. ते गेले.

एका दिवसात गेले असते तर बरं झालं असतं. माणूस ओरडतो, चार लोक धावून येतात, दवाखाना होतो. दौलतचे कान चोरपावलांनी गेले. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी, फोनची रिंग. मग नातीचं, सान्वीचं, बोबडं बोलणं गेलं. ती मांडीवर बसून कितीतरी वेळ काहीतरी सांगायची आणि तो हसत मान हलवायचा. इंजिनाची जाड धडधड राहिली, पण ती तरी त्याला कानाने कळत होती की छातीने, हे देव जाणे. सारा जन्म ज्या इंजिनांना कान दिले, त्यांनीच ते परत केले नाहीत.

त्याने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे तर मुठीत त्याचा सगळा माणूसच होता. कान नसलेला दौलत मिस्त्री म्हणजे कोण? कल्याणमध्ये पाने फिरवणारे पैशाला पासरी आहेत. मग तो युक्त्या शिकला. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर उभं राहायचं. ओठ बघायचे. कळलं नाही तर "हो" म्हणायचं, कारण जगात बहुतेक प्रश्नांना हो चालतं. घरी रतनने, त्याच्या बायकोने, यातलं काही विचारलं नाही. ती फक्त स्वयंपाकघरातून हाक मारायची बंद झाली आणि समोर येऊन बोलायला लागली. तिला कळलंय का, हे त्यानेही विचारलं नाही. नवरा-बायकोत असं बरंच काही न विचारता चालतं.

आता थोडं त्या हीटरबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यापायी झालं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेट घेतं. पण बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली की दाबूनही हवा पुरेशी तापत नाही. इंजिन नुसतं खोकतं आणि पांढरा धूर ओकतं. म्हणून हवा आत शिरते त्या वाटेवरच एक हीटर बसवलेला असतो, शेगडीच्या कॉइलसारखी जाळी. चावी फिरवली की गाडीचा कॉम्प्युटर सेन्सरला विचारतो, हवा किती गार? फार गार असेल तर तो रिले नावाच्या एका डबीला हुकूम सोडतो. डबी टक् करून आतला जोड मिळवते, बॅटरीचा करंट जाळीत जातो, हवा तापते, गाडी सुरू.

ठाणे-कल्याणात या यंत्राला काडीचं काम नाही. इथे ऐन डिसेंबरात लोक पंखा लावून चादर घेतात. त्यामुळे इथले मिस्त्री हीटरकडे ढुंकून बघत नाहीत, काही महाभाग तर त्याची वायरच काढून ठेवतात. इकडे कुठे थंडी, म्हणतात. दौलतने तसं कधी केलं नाही, कारण त्याच्या गाड्या बद्रीनाथला जायच्या. पण कल्याणच्या घामात थंडी आणायची कुठून? त्यावर त्याने स्वतःची एक युक्ती काढली होती. मासळी बाजारातून बर्फ आणायचा, डब्यात फोडून त्यात पाणी घालायचं, इंजिनावरचा सेन्सर वायरीसकट काढायचा आणि त्या पाण्यात बुडवायचा. सेन्सरला वाटतं आपण हिमालयात आलो. चावी फिरवली की रिले टक् करते. तो टक् कानाने ऐकायचा, मग जाळीच्या घरावर हात ठेवायचा. हाताला ऊब लागली की झालं. आधी कान, मग हात. बर्फाला बोंबलाचा वास यायचा, पण सेन्सरला नाक नसतं.

गेल्या ऑक्टोबरात, बद्रीनाथचं कपाट, म्हणजे देवळाचं दार, थंडीसाठी बंद व्हायच्या आधीची शेवटची यात्रा निघायची होती. मोठ्या गाडीवर सखाराम जाणार होता. आदल्या फेरीत ती सकाळी सुरू व्हायला त्रास द्यायची, म्हणून दौलतने बर्फ मागवला. आणि नेमके त्याच दिवशी कर्णिक गॅरेजात आले, तेही एकटे नाही, डोंबिवलीच्या यात्रेकरूंपैकी काही ज्येष्ठ मंडळी घेऊन. गाडी बघायची होती त्यांना.

"दौलतराव, यांना तुमची बर्फाची गंमत दाखवा," कर्णिक म्हणाले. "आमचे मिस्त्री म्हणजे कानाने एक्स-रे काढतात हो."

मंडळी कौतुकाने पुढे सरली. कर्णिकांनी काँप्रेसर बंद करवला. शेजारच्या टायरवाल्यालाही हात करून गप्प केलं. सगळीकडे शांतता पसरली, निदान दौलतला तसं दिसलं. तो गाडीच्या मागे, उघड्या इंजिनावर वाकून उभा. सखाराम पुढे, स्टिअरिंगवर. सखारामने चावी फिरवली आणि आरशातून मागे पाहिलं.

दौलतला काही ऐकू आलं नाही.

आता काही ऐकू आलं नाही म्हणजे टक् झालाच नाही, की झाला आणि त्याला कळला नाही? हे कळायला दुसरा कान हवा होता. सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. एक आजीबाई पदराने वारा घेत हसऱ्या तोंडाने थांबल्या होत्या. सखाराम आरशातून बघत होता. दौलतच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला आणि त्याने हात वर केला.

"आला," तो म्हणाला. "हीटर ओके."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्याला दिसल्या.

हात जाळीवर ठेवायचा राहिला, असं तो नंतर मनाला सांगायचा. राहिला वगैरे काही नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? हात पुढे केला असता तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण जाळी गार लागली असती तर? मग तो टक् कुठून आला, हे कर्णिकांसमोर, त्या आजीबाईंसमोर सांगावं लागलं असतं. त्याने हात फडक्याला पुसला, बर्फाचं पाणी ओतून दिलं, डिझेलचा फिल्टर बदलला आणि त्रास फिल्टरचाच होता असं सांगून टाकलं.

सखारामने अगरबत्ती लावली आणि गाडी नेली.

पुढचं दौलतला गाडी परतल्यावर कळलं. बद्रीनाथला पहाटे गाडी सुरू होईना. खोकायची, पांढरा धूर सोडायची, बंद पडायची. आत म्हातारी माणसं कुडकुडत बसलेली. सखारामने डोकं लढवलं. हीटर तर चालू आहे, दौल्याने बघितलाय, म्हणजे थंडीच जास्त. मग त्याने जुन्या ड्रायव्हरांचा उपाय काढला. सळईला चिंध्या गुंडाळल्या, डिझेलमध्ये बुडवल्या, पेटवून ती मशाल हवेच्या तोंडाशी धरली, की गरम हवा आत जावी. एका हाताने सळई, दुसऱ्या हाताने सहड्रायव्हरला खूण. इंजिनाने धक्का खाल्ला आणि हवेच्या तोंडातून ज्वाळा उलटी बाहेर आली. सखारामचा उजवा हात मनगटापासून पुढे भाजला. गाडी मात्र सुरू झाली. यात्रेकरू सुखरूप परतले. हृषीकेशला त्याच्या हाताला पट्ट्या बांधल्या तेव्हा तो डॉक्टरांना म्हणाला म्हणे, गाडी बंद करू नका, परत सुरू व्हायची नाही.

हात बरा झाला, पण कातडी आखडून बोटं आत वळली ती वळलीच. स्टिअरिंगचं चाक त्या हाताने धरवेना. कर्णिक माणूस वाईट नाही, त्यांनी सखारामला घरी पाठवलं नाही. गॅरेजच्या फाटकावर खुर्ची दिली. ज्याने आयुष्यभर गाड्या घाटात चढवल्या, तो आता येणाऱ्या टँकरला फाटक उघडायला लागला, तेही डाव्या हाताने.

आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे सखारामचा दौलतवरचा विश्वास. तो तसूभर हलला नाही. कुणी विषय काढला की म्हणायचा, "हीटर ठीकच होता रे. दौल्याने स्वतः ऐकलेला. मीच घाई केली, चिंध्या जास्त भिजवल्या." दुसऱ्याच्या चुकीचं ओझं असं कुणी आपल्या डोक्यावर घेतलं की ते ज्याचं आहे त्याला दुप्पट वाटतं. दुपारी दोघं डबा एकत्र खायचे. सखारामला डब्याची कडी उघडता येत नसे. तो डबा दौलतपुढे सरकवायचा, दौलत कडी उघडून परत सरकवायचा, आणि सखाराम न चुकता म्हणायचा, "तुझ्या हाताला बरकत आहे." हे वाक्य दौलतला ओठांवरून पाठ झालं होतं. स्वतःचा डबा तो अर्धा तसाच बंद करायचा. रतन विचारायची, डबा परत का आणलास? तो म्हणायचा, हो.

त्या हिवाळ्यात एकदा तो डोंबिवलीला गेला होता. स्टेशनजवळ एका जिन्यावर कानाच्या मशीनचं दुकान होतं. अर्धा जिना चढला आणि वरून कर्णिकांच्या यात्रेतलं कुणीतरी उतरताना दिसलं. कुणीतरी म्हणजे कोण, तेही त्याने नीट बघितलं नाही. पाठ फिरवली आणि खाली येऊन पपई घेतली. पपई घ्यायला डोंबिवलीला गेलेलो, असं त्याने घरी सांगितलं. शहाडला पपया मिळतात.

आणि ती गाडी? ती समोरच उभी होती. हिवाळाभर लग्नाची वऱ्हाडं, ऑफिसची पिकनिक. इथे हीटर लागतो कुणाला? एक डबा बर्फ आणून सगळे घरी गेल्यावर बघायला काय हरकत होती, असं कुणीही विचारेल. हरकत एवढीच की बघितलं असतं तर कळलं असतं. न कळण्यात एक फट होती. कदाचित टक् आलेला असेल, कदाचित जाळी तापलेली असेल, कदाचित खरंच थंडी जास्त असेल. त्या फटीत अंग चोरून दौलतने हिवाळा काढला. रात्री झोप यायची नाही तेव्हा तो अंधारात स्वतःच्याच तोंडाने टक् असा आवाज काढून बघायचा. तोही ऐकू यायचा नाही.

एप्रिल आला. अक्षय तृतीयेच्या सुमाराला कपाट उघडतं, पहिली यात्रा तीच. कर्णिकांनी ती मोठी गाडी नेमली, आणि ड्रायव्हर सुदेश. सुदेश तरणा, शहाडचाच, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. पहाडात पहिल्यांदाच जाणार होता. तो येऊन दौलतसमोर उभा राहिला.

"मिस्त्री, ते हीटरचं एकदा बघून द्या ना. शिगवणकाकांचं झालं तसं नको यार. आणि नाय झाली चालू, तर ती मशालवाली आयडिया मला पण शिकवून ठेवा."

दौलतने त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात धड होते, एकावर मेंदीने बायकोचं नाव काढलेलं. तो फडकं खांद्यावर टाकून बर्फ आणायला गेला. फट आता उरली नव्हती.

दुपारची वेळ. पत्रा तापून अंगावर येत होता. बर्फ डब्यात घालेपर्यंत निम्मा वितळला. दौलतने सेन्सर काढला, पाण्यात बुडवला, सुदेशला पुढे बसवलं. मग इंजिनावर वाकला. काँप्रेसर चालू होता, तो बंद करायलाही त्याने सांगितलं नाही. कशाला सांगायचं? त्याने कान पुढे केला नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट त्याने रिलेच्या डबीवर टेकवलं आणि डावा हात वर करून चावीची खूण केली.

बोटाखाली काहीतरी उडालं. मुंगी चावावी इतकंच.

त्याने चावी बंद करवली, परत चालू करवली. परत ती मुंगी. टक् होता. रिले हलत होती. म्हणजे तेव्हाही आला असेल. म्हणजे तो खोटं बोलला, पण जे बोलला ते खरं होतं. तो रडायच्या बेतात आला आणि त्याने हात जाळीच्या घरावर ठेवला.

गार.

तो तसाच थांबला. हळूहळू तापते कधीकधी. सुदेश आरशातून बघत होता. बर्फाच्या डब्यातून थेंब त्याच्या पायावर पडत होते. जाळी गार ती गारच.

मग त्याने टेस्टचा दिवा काढला, साधा बल्ब, दोन वायरी आणि टोकाला सुई, जो तो एरवी कधी वापरत नसे. दिवे बहिऱ्यांना लागतात, असं तो पूर्वी मस्करीत म्हणायचा. रिलेच्या ज्या बाजूने बॅटरीचा करंट येतो तिथे सुई लावली, दिवा लागला. ज्या बाजूने जाळीकडे जातो तिथे लावली आणि चावी फिरवायला लावली. बोटाला टक् लागला. दिवा मात्र लागला नाही.

त्याने रिले काढली, पक्कड घालून तिचं झाकण उचकटलं. आतला जोड जळून काळा पडला होता आणि काठाला हिरवा गंज चढला होता. वर्षातले अकरा महिने शहाडच्या दमट हवेत नुसती पडून राहिलेली वस्तू. पट्टी आज्ञाधारकपणे हलत होती, टक् म्हणत होती, पण मिळत नव्हती. सरकारी ऑफिसात शिक्का बसतो आणि काम होत नाही, तसं. यात्रेहून परतल्यावर गाडी बघायला आलेल्या कंपनीच्या माणसाने लॅपटॉप लावून सगळं ठीक सांगितलं होतं, त्यालाही हुकूम सुटलेलाच दिसला असणार.

सुदेशला त्याने जळलेली रिले हातात दिली आणि अशीच नवी घेऊन ये म्हणून उल्हासनगरला पिटाळलं. सुदेशची बाईक फाटकातून गेली आणि सखाराम फाटक लावून इकडेच आला. झाकण त्याने डाव्या हातात घेऊन वळवून वळवून बघितलं.

"मिळालं काय?" त्याचे ओठ म्हणाले.

"रिले. आतून जळलीय. टक् वाजते, करंट सोडत नाही."

सखारामने झाकण परत एकदा वळवून बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला, खरंच उजळला, दिवाळीत पोराचा उजळावा तसा. तो दौलतच्या अगदी समोर येऊन बोलायला लागला, त्यामुळे एक शब्दही सुटला नाही.

"म्हणजे तू तेव्हा बरोबरच होतास. टक् आलेला. आतून सडलेली, ते तुला बाहेरून काय कळणार? आणि मी पण बरोबर, मी काय जास्त चिंध्या भिजवल्या नव्हत्या. कोणाचीच चूक नाही रे. मी उगाच सहा महिने स्वतःला शिव्या घालतोय."

त्याने भाजलेल्या हाताची मूठ दौलतच्या खांद्यावर ठेवली. ती मूठच होती, उघडत नव्हती.

एवढं सोपं होतं. हो म्हणायचं. दौलत आयुष्यभर हो म्हणत आलेला, आणखी एक. सगळ्या बाजूंनी सुटका होत होती. सखाराम सुटत होता, दौलत सुटत होता, कर्णिकांच्या तोंडी कानांची कीर्ती राहत होती. गाडी दुरुस्त होणार होती, सुदेशचे हात शाबूत राहणार होते. हो म्हणण्यात कुणाचं काय जात होतं? दौलतने तोंड उघडलं, पण हो बाहेर येईना. इतके दिवस ज्या फटीत लपलो ती आता बुजली, असं त्याला वाटलं होतं. पण समोर आता चांगलं दारच उघडलं होतं, आणि ते सखारामने उघडून धरलं होतं, त्या हाताने.

"सख्या, मला ऐकू येत नाही," दौलत म्हणाला.

सखारामला वाटलं, काँप्रेसरमुळे. तो मागे वळला आणि काँप्रेसर बंद करून परत आला.

"तसं नाही. कान गेलेत माझे. लय दिवस झाले. तेव्हा टक् आला का नाही मला कळलंच नव्हतं. सगळे बघत होते, तू आरशातून बघत होतास, मी हात वर केला."

"पण आलेलाच ना."

"आला असेल. सख्या, मी जाळीला हात लावला नाही. माहीत आहे ना तुला, आधी कान, मग हात. मी मुद्दाम नाही लावला. गार लागली असती तर माझं पितळ उघडं पडलं असतं. हात लावला असता तर तिथंच कळलं असतं हीटर बंद आहे, आणि तू वर ती मशाल पेटवली नसती. माझं नाव वाचवायला गेलो आणि तुझा हात गेला."

एवढं तो कधी एका दमात बोलला नव्हता. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, तो हळू बोलतोय की ओरडतोय तेही कळत नव्हतं. बहुतेक ओरडतच असावा, कारण शेजारचा टायरवाला कुंपणावरून डोकावला.

सखारामचा हात खांद्यावरून खाली आला होता, केव्हा ते दौलतला समजलं नाही. सखारामने आपली उजवी मूठ वर धरली आणि तिच्याकडे बघत राहिला. बोटं उघडायचा प्रयत्न केला, ती थोडी थरथरली. त्याचा चेहरा रागाचा नव्हता. राग असता तर दौलतला चाललं असतं, एखादी ठेवून दिली असती तर त्याने आनंदाने खाल्ली असती. हा त्याच्या ओळखीचाच चेहरा नव्हता. एवढ्या वर्षांत या माणसाने गाडी न बघता चावी फिरवली होती. आता तो पहिल्यांदा बघत होता.

मग सखाराम वळला आणि फाटकाकडे चालायला लागला. दोन पावलं गेला आणि बोलला. दौलतला ओठ दिसले नाहीत, पण मानेची शीर हलली, खांदा जरा वर गेला. तो काहीतरी बोलला होता, एक वाक्य, फार मोठं नाही.

"काय म्हणालास?" दौलतने विचारलं.

हा प्रश्न त्याने गेल्या कित्येक वर्षांत कुणालाही विचारला नव्हता. टायरवाला बघतच राहिला.

"सख्या, ऐकू नाही आलं मला. इकडे बघून बोल ना. काय म्हणालास?"

सखारामने मागे वळून बघितलं नाही. तो फाटकापाशी गेला, खुर्ची रस्त्याकडे वळवून घेतली आणि बसला. दौलत इंजिनाशी उभा राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिला. सखाराम गप्प होता की अजून बोलतच होता, हे त्याला इथून कळायला काही मार्ग नव्हता.